महागाचे पान आवडत्यांच्या यादीत का येत नाही?

पुण्यात राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचकांचे पत्र आले आहे. नोकरीनिमित्त ते काही वर्षे न्यू जर्सीत होते आणि तिथे त्यांना कॉमिक्सची मूळ पाने, म्हणजे छपाईसाठी चित्रकाराने प्रत्यक्ष हाताने काढलेली पाने, जमवण्याचा नाद लागला. आज त्यांच्याकडे अशी चाळीसेक पाने आहेत. त्यांतले सर्वांत महागाचे पान १९६६ सालच्या ‘फँटॅस्टिक फोर’चे असून त्याची पेन्सिल जॅक कर्बी यांची आणि शाई जो सिनॉट यांची आहे. ते मिळवण्यासाठी त्यांनी आधीची दोन पाने विकली आणि वर बरीच रक्कम घातली. याखेरीज साय बॅरी यांच्या काळातल्या फँटमच्या काही दैनिक पट्ट्या आहेत, नव्वदच्या दशकातल्या सुपरहिरोंची पाने आहेत, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यात सापडलेले, सही नसलेले, बहुधा एखाद्या दिवाळी अंकासाठी काढलेले एक शब्दविरहित व्यंगचित्रही आहे.

त्यांच्या संग्राहक मित्रांच्या मंडळाने यंदा असे ठरवले आहे की, प्रत्येकाने आपली सर्वांत आवडती पाच पाने आणायची आणि ती का आवडतात ते सांगायचे. वाचकांनी तीन-चार याद्या करून पाहिल्या. प्रत्येक यादीत फँटमची एक साधीशी पट्टी आणि ते रद्दीतले व्यंगचित्र येते. कर्बींचे पान मात्र एकदाही येत नाही. ‘फँटम मी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचला म्हणून ती पट्टी आवडत असणार, म्हणजे ही आवड चित्राची नव्हे,’ असे ते लिहितात. त्यांचे प्रश्न तीन आहेत. आपली नजर कच्ची आहे का? इतकी वर्षे आपण डोळ्यांनी नव्हे, कानांनी खरेदी केली का? आणि जे पान यादीत येत नाही, ते विकून टाकावे का? ‘आवडतं ते न्या, त्यात एवढं काय?’ असे त्यांच्या पत्नींचे मत आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्नींनी एका वाक्यात सांगितले ते बव्हंशी बरोबर आहे, आणि हे उत्तर तेवढ्यावरच थांबवता आले असते. काय आवडते हे न कळणे ही तुमची अडचण नाहीच. प्रत्येक यादीत तीच दोन चित्रे पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे आवड काय आहे हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे. ती चारचौघांत सांगण्याचा तुम्हाला संकोच वाटतो आहे. मंडळातले लोक जाणकार आहेत, त्यांच्यापैकी कोणी स्प्लॅश, म्हणजे पानभर एकच चित्र असलेले पान, आणील, कोणी कव्हर आणील, आणि त्या रांगेत आपण विमानतळावर वाट पाहत उभ्या असलेल्या, ओव्हरकोट घातलेल्या माणसाची पट्टी मांडायची, हे तुम्हाला जड जाते आहे. असा संकोच नाणी, पोस्टाची तिकिटे किंवा जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांनाही वाटतो. त्यांना निदान एक आधार असतो: एकाच नाण्याच्या किंवा तिकिटाच्या अनेक प्रतींपैकी आपली प्रत किती चांगली, हे ते मोजूनमापून सांगू शकतात. मूळ चित्राची दुसरी प्रतच नसते. त्यामुळे तुलनेसाठी हाताशी उरते ते चित्रकाराचे नाव, दिलेली किंमत आणि इतरांकडून ऐकलेले महत्त्व, आणि या तिन्हींचा आवाज इतका मोठा असतो की आपली पसंती आपल्यालाच किरकोळ वाटू लागते.

म्हणून किंमत नक्की कशाची मोजली जाते, ते आधी पाहू. जानेवारी २०२२ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या डॅलसमधील लिलावात ‘सीक्रेट वॉर्स’ या मालिकेच्या आठव्या अंकातले, माइक झेक यांनी काढलेले एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरना गेले. १९८४ सालच्या त्या अंकात स्पायडरमॅनला काळा पोशाख कसा मिळाला ते दाखवले आहे, आणि ती घटना नेमकी या पानावर घडते. पुढे त्याच पोशाखातून व्हेनम नावाचे पात्र उभे राहिले, त्यावर चित्रपट निघाले, आणि पानाचे भाग्य उजळले. त्याच अंकातली बाकीची पानेही झेक यांच्याच पेन्सिलीची आहेत. कथानकात ती घटना शेजारच्या पानावर घडली असती, तर हे लाखो डॉलर शेजारच्या पानाला मिळाले असते आणि या पानाकडे फारसे कोणी वळून पाहिले नसते. बाजार चुकतो, असे मला म्हणायचे नाही. बाजार घटनेला, पात्राला, कव्हरला, चित्रकाराच्या नावाला आणि दुर्मिळतेला किंमत देतो, आणि त्याच्या हिशेबाने ते योग्यच आहे. मात्र त्या हिशेबात रेषेला स्वतंत्र रकाना जवळजवळ नसतो, आणि तुमचे या चित्राशी काय नाते आहे, याला तर मुळीच नसतो. तेव्हा सर्वांत महागाचे पान आवडत्या पाचांत आलेच पाहिजे, ही अपेक्षा प्रथम सोडून द्या. संग्राहकांमध्ये ज्याला ‘ग्रेल’ म्हणतात, त्या पानाच्या मागे वर्षानुवर्षे धावणाऱ्यांपैकी अनेकांना मी विचारले आहे की हे पान तुम्हाला का हवे, आणि बहुतेक वेळा उत्तर मिळाले आहे ते इतकेच की, ते सर्वांनाच हवे असते.

आता फँटमच्या पट्टीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत शंकास्पद युक्तिवाद तिच्याबद्दलचा आहे. लहानपणची आठवण जोडलेली असली की आवड अशुद्ध होते, असे तुम्ही धरून चालला आहात. ते तूर्त बाजूला ठेवू आणि लहानपणी तुमच्या हातात नक्की काय होते, ते पाहू. ली फॉक यांनी १९३६ साली सुरू केलेला फँटम हा मुळात अमेरिकी वृत्तपत्रांसाठी होता: आठवड्याचे दिवस काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्या, तीन-चार चौकटींच्या, आणि रविवारची रंगीत गोष्ट वेगळी. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले, तेव्हा अशा पट्ट्या उभ्या पानावर बसवाव्या लागत होत्या. त्यासाठी चौकटी पुन्हा रचल्या जात, काही कापल्या जात, रंग इथे भरले जात, मजकूर आपल्या भाषेत लिहिला जाई, आणि वाचकांना गैर वाटू नये म्हणून फँटमच्या बेंगाला या देशाचे नाव बदलून डेंकालीही केले गेले. थोडक्यात, तुमच्या आठवणीतले पान रंगीत, उभे आणि मराठी आहे, तर तुमच्याकडची पट्टी काळीपांढरी, आडवी आणि इंग्रजी आहे. ती दीड फूट लांब असली तरी वीतभरसुद्धा उंच नाही. निव्वळ आठवणच हवी असती, तर जुन्या बाजारातून इंद्रजालचा तो अंक विकत घेऊन तुमचे काम भागले असते, आणि तेही कितीतरी स्वस्तात.

तुमच्याच पत्रातली दुसरी गोष्ट मला याहून अधिक बोलकी वाटली. कर्बींच्या पानाबद्दल तुम्ही अंक, साल, दोन नावे आणि ते घेताना काय काय विकावे लागले, एवढेच लिहिले आहे. पट्टीबद्दल मात्र असे लिहिले आहे की, ओव्हरकोटाचा काळा भाग जाड कुंचल्याने एका दमात भरलेला दिसतो, खांद्यापाशी कागदाची बारीक पांढरी कड मुद्दाम सोडलेली आहे, मागच्या प्रवाशांच्या रेषा त्यामानाने इतक्या हलक्या आहेत की त्या नंतर आणि दुसऱ्या कोणीतरी काढल्या असाव्यात अशी शंका येते, आणि टोपीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका वर आल्यासारखा बोटाला जाणवतो. (बोट लावू नका, एवढे मात्र सांगते.) ज्याची नजर कच्ची आहे, त्याला हे दिसत नाही. तुमची शंकाही निराधार नाही. साय बॅरी यांनी साठच्या दशकाच्या आरंभापासून १९९४ पर्यंत ही मालिका सांभाळली आणि त्या काळात त्यांच्या हाताखाली सहायक होते. जॉर्ज ओलेसन यांनी अनेक वर्षे पेन्सिलकाम केले. तेव्हा तुमच्या पट्टीत दोन हात दिसत असतील, तर त्यामुळे पट्टी उणी ठरत नाही. मंडळात ती दाखवताना नेमके हेच दाखवा.

आठवणीने तुम्हाला त्या पट्टीपर्यंत नेले असेल, हे मी नाकारत नाही. कोणीतरी न्यावेच लागते. काहींना किंमत नेते, काहींना मित्रांची चढाओढ नेते. पण पट्टीसमोर बसल्यावर तुम्ही जे पाहिले, ते आठवणीत नव्हते.

आता कर्बींच्या पानाबद्दल. ते यादीत येत नाही याचे कारण ते तुम्हाला आवडत नाही हेच असेल, असे मी लगेच म्हणणार नाही. पत्रावरून दिसते की ते घेतल्यापासून चौकटीत आहे आणि दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर लावलेले आहे, म्हणजे तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसता. पाहुणे ते पाहतात, तुम्ही त्याची किंमत सांगता. असे पान हळूहळू घरातल्या पदकासारखे होऊन बसते. तुम्ही ते एखाद्या जाणकार फ्रेमवाल्याकडून चौकटीबाहेर काढून घ्या आणि आठवडाभर टेबलावर, झाकणाखाली, फक्त पाहताना उघडे असे ठेवा. १९६७च्या सुमारास अमेरिकेत मूळ पानांचा आकार घटवण्यात आला. तुमचे पान त्याआधीचे, छापील पानाच्या जवळपास दुपटीचे आहे. कर्बी यांची मूळ शक्ती छापात आकसलेली असते आणि या आकारात ती मोकळी होते, हे एकदा हाताच्या अंतरावरून पाहायला हवे.

त्यानंतर कडा पाहा. ‘फँटॅस्टिक फोर’ काढणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत त्या काळी काम असे चाले की, कर्बी आधी पेन्सिलीने सगळे पान रचत आणि प्रसंगात काय चालले आहे याच्या टिपणी चौकटींबाहेरच्या समासात लिहीत. त्यावरून लेखक स्टॅन ली संवाद लिहीत. मग अक्षरलेखक फुग्यांतली अक्षरे शाईने काढी, आणि सर्वांत शेवटी शाईवाला रेषा पक्क्या करी. काही पानांच्या कडा कापल्या गेल्यामुळे त्या टिपणी नष्ट झाल्या आहेत. तुमच्या पानाच्या समासात त्या अजून असतील, तर छापील अंकात कधीच न आलेला, कर्बी यांनी स्वतः सांगितलेला तो प्रसंग तुमच्याकडे आहे, आणि तो लींच्या संवादाशी प्रत्येक वेळी जुळतोच असे नाही. चित्र आणि फुगा जिथे एकमेकांना भिडतात, तिथे सिनॉट यांची रेषा अक्षरांना धक्का न लावता कशी थांबते, तेही पाहा. रबराने पुसलेल्या पेन्सिलीचे वळ कागदावर तिरप्या उजेडात दिसतात आणि त्यावरून कर्बींनी कुठे विचार बदलला, किंवा सिनॉट यांनी कुठे आपल्या मनाचे केले, हे ओळखता येते. मागच्या बाजूला कॉमिक्स कोड ऑथॉरिटीचा, म्हणजे छपाईपूर्वी कॉमिक्स तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, शिक्का असण्याचीही बरीच शक्यता आहे. एवढे सगळे पाहूनही मन हलले नाही, तर ते पान महत्त्वाचे आहे आणि तुम्हाला आवडत नाही, असे निःशंकपणे म्हणा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पाचांची यादी करणाऱ्या सर्वांनाच मी एक कसोटी सुचवीन. पानाचा उत्तम स्कॅन मूळ आकारात छापून घ्या, तो मूळ पानाशेजारी ठेवा आणि स्वतःला विचारा की छापाने माझे समाधान होते का. जिथे होते, तिथे तुमचे प्रेम त्या गोष्टीवर, पात्रावर किंवा रचनेवर आहे; ते खरेच आहे, परंतु त्यासाठी मूळ पान जवळ बाळगण्याची गरज नव्हती. जिथे छाप अपुरा पडतो, तिथे नक्की काय अपुरे पडते ते शोधा. छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नसे, म्हणून चित्रकार निळ्या पेन्सिलीने आखणी करीत. ती निळी रेघ तुम्हाला दिसते, अंकाच्या वाचकाला कधीच दिसली नाही. चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्याखाली काय झाकले आहे, पांढऱ्याखाली कोणती चूक दडली आहे, घट्ट काळ्यात कुंचल्याचे केस कुठे फाकले आहेत, हे सगळे मूळ पानाचेच आहे. याच कसोटीवर तुमची नव्वदच्या दशकातली काही पाने मागे पडतील, असा माझा अंदाज आहे. त्या दशकाच्या उत्तरार्धात अक्षरे संगणकावर गेली आणि पानावरचे फुगे नाहीसे झाले, त्यामुळे अशी पाने मुकी वाटतात. पुढे पेन्सिलवाल्याचा स्कॅन दुसऱ्या गावी जाऊन फिकट निळ्यात छापला जाऊ लागला आणि शाई त्या छापावर चढू लागली, तेव्हा तर एकाच पानाची दोन ‘मूळ’ पाने झाली. अशा पानांत चांगले काम नसते असे नाही, पण घेण्यापूर्वी आपल्या हाती दोघांपैकी कोणाचे काम येते आहे, ते विचारलेच पाहिजे.

रद्दीतले व्यंगचित्र तुमच्या प्रत्येक यादीत का येते, याचे एक कारण मला दिसते. कथेचे पान हे वीस-बावीस पानांतले एक असते. आधी काय झाले आणि पुढे काय होणार, ते माहीत नसेल तर ते अर्धे राहते. व्यंगचित्र, त्यातही शब्द नसलेले, जागच्या जागी पूर्ण असते. शि. द. फडणीस यांनी ‘हसरी गॅलरी’ या नावाने आपल्या मूळ चित्रांची प्रदर्शने भरवली आणि कॉमिक्सशी काही संबंध नसलेले लोकही ती पाहत उभे राहिले, ते या पूर्णपणामुळेच, असे मला वाटते. भिंतीवर लावण्यासाठी, किंवा तुमच्या मंडळासारख्या बैठकीत दाखवण्यासाठी, अशा चित्राला उपजतच झुकते माप मिळते. कथेचे पान निवडणार असाल, तर त्याची गोष्ट तीन वाक्यांत सांगण्याची तयारी ठेवा, नाहीतर लोक फुग्यांतला मजकूर वाचून पुढे सरकतात आणि चित्र पाहायचे राहून जाते. ‘चिंटू’सारख्या रोजच्या चित्रमालिकेतली मूळ पट्टी ज्यांच्याकडे असेल, त्यांची यातून सुटका होते, कारण ती तीन-चार चौकटींत स्वतःचे सांगून मोकळी होते.

कानांनी खरेदी केली का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘थोडी केली’ असे आहे, आणि ते तुम्हालाही माहीत आहे. परक्या देशात, नव्या छंदात, मोठ्यांचे ऐकूनच सुरुवात होते. ज्याने कर्बी हे नाव आधी ऐकले नाही, तो कर्बी पाहायला जाणार तरी कसा? त्याचा फार विचार करू नका.

विक्रीबद्दल मात्र सावकाश जा, असे मी सांगेन. आवडत्या पाचांची यादी ही विक्रीची यादी उलटी वाचून होत नाही. सहाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतची पाने नावडती नसतात. कर्बींचे पान टेबलावर ठेवून पाहा, त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत काही करू नका, आणि तेव्हाही विकावेसे वाटले तर खुशाल विका. त्यापूर्वी त्याची कागदपत्रे मात्र नीट करा: कोणाकडून घेतले, कधी, पावती कुठे आहे, आणि त्या विक्रेत्याकडे ते कोठून आले होते. कर्बी यांच्या पानांबाबत हे अधिकच आवश्यक आहे. त्यांनी मार्व्हलसाठी काढलेल्या हजारो पानांपैकी सुमारे २००० पाने त्यांना बऱ्याच संघर्षानंतर १९८७ साली परत मिळाली. उरलेल्यांपैकी पुष्कळ पाने कशी आणि कोणाच्या हातून बाहेर गेली, याचा पूर्ण हिशेब लागलेला नाही. चांगला खरेदीदार हा प्रश्न विचारतोच. लिलावात दिसणारी रक्कम आणि विकणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम यांत दोन्ही बाजूंच्या कमिशनचे अंतर असते, हेही धरून चाला. आणि पैशाची गरज नसताना केवळ ‘यादीत आले नाही’ म्हणून विकाल, तर पुढे तसे पान परत मिळणार नाही. मूळ चित्राच्या बाबतीत ‘पुन्हा घेऊ’ ही सोय नाही.

रद्दीतल्या चित्राची जबाबदारी वेगळी आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे नियतकालिकांसाठी काढलेले चित्र ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायला जाई, ब्लॉक झाला की त्याचे काम संपले असे सगळेच मानीत, आणि ते छापखान्याच्या कपाटात किंवा संपादकांच्या टेबलाखाली पडून राही. कार्यालय हलले किंवा मासिक बंद पडले की ते रद्दीत जाई. तुम्ही ते पैसे देऊन घेतले आणि वाचवले, यात गैर काही नाही. तरीही कागद तुमचा झाला म्हणून चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. तो चित्रकाराच्या निधनानंतरही ६० वर्षे चालतो, त्यामुळे हे चित्र ग्रीटिंग कार्डावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा कॅलेंडरवर छापायचे मनात आले, तर आधी हक्कदाराची परवानगी हवी. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ सालच्या दुरुस्तीने आलेली आणखी एक तरतूद आहे, जी संग्राहकांना फारशी ठाऊक नसते: मूळ चित्र किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्याचा पहिला कॉपीराइटधारक असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागण्याचा हक्क आहे, आणि तो वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो.

चित्र कोणाचे, हे शोधण्यासाठी सहीची वाट पाहू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे बहुधा छपाईच्या रुंदीचे असतात, आणि एखादी तारीख, पानाचा क्रमांक किंवा अंकाचे आद्याक्षर सापडले तर शोधाचा आवाका एकदम लहान होतो. रुंदी कळली की कोणत्या आकाराच्या मासिकात ते बसले असेल, याचा तर्क करता येतो, आणि मग ग्रंथालयात त्या वर्षांचे दिवाळी अंक चाळणे उरते. हे काम कंटाळवाणे आहे. मला स्वतःला ते आवडते. चित्रकार कळला आणि त्याचे कुटुंबीय सापडले, तर चित्राचा फोटो त्यांना पाठवा. ते परत मागतीलच असे नाही. अनेक घरांत वडिलांचे एकही मूळ चित्र उरलेले नसते आणि एक चांगला स्कॅन मिळाला तरी त्यांना तो मोलाचा असतो.

बैठकीसाठी आता थोडेसे. पाचही पानांबद्दल आधी घरी एकेक परिच्छेद लिहा, चित्रकाराचे नाव आणि अंकाचा तपशील सर्वांत शेवटी ठेवा, आणि सुरुवात तुम्हाला काय दिसते इथून करा. परिच्छेदात फक्त तपशीलच उरला, तर ते पान बदला. हे कागद पुढे फाइलमध्ये ठेवा. तुमच्यामागे घरातल्यांना कोणते पान का ठेवले होते, हे त्यातूनच कळेल. पानाच्या पाठीवर मात्र काही लिहू नका, आणि कोणी पूर्वी ‘अमुक यास सप्रेम’ असे लिहिले असेल, तर किंमत घटते या समजुतीने ते खोडूही नका. पाने आम्लरहित बोर्डाच्या आधाराने पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत न्या. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांचे नाव काढू नका. पुण्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, तेव्हा बैठक जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर ती पुढे ढकलता येते का, ते विचारा. मार्करने रंगवलेली पाने उजेडात विटतात, काळी शाई त्यामानाने टिकते. खिडकीसमोरचे टेबल मात्र दोन्हींसाठी नको.

पाचवी जागा अजून रिकामी असेल, तर तिथे कर्बींचे पान चौकटीविना ठेवा आणि ते आवडते म्हणून नव्हे, तर समासातल्या टिपणी दाखवण्यासाठी आणले आहे, असे सांगा. मंडळाचे कोणी हरकत घेणार नाही. व्यंगचित्र सर्वांत आधी दाखवा, म्हणजे लोक ताजे असतील. चित्रकाराचे नाव मला ठाऊक नाही, असे सुरुवातीलाच म्हणा आणि पाकीट उलटे करून मागचे आकडेही दाखवा. जुने दिवाळी अंक सांभाळून ठेवलेले एक-दोघे तरी त्या बैठकीत असतीलच, आणि निघण्यापूर्वी त्यांचे फोन नंबर घ्यायला विसरू नका.